बटाटा कठीण शब्द आहे

९ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुम्ही ते ताईंच्या हातात द्याल आणि म्हणाल, "बघ गं, काय म्हणतेय ती." तसं करू नका. हे तुम्हीच वाचा, आणि खिडकीपाशी बसून वाचा.

फोन करून पाहिला मी. "परत कधी येताय?" असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "हो, जेवले." मग मी मोठ्याने विचारलं, तर "बरं, ठेवते" म्हणून ठेवलात. म्हणून पत्र.

इथे सगळे मजेत. तुमचे चिरंजीव रोज कुठल्या तरी इमारतीच्या लिफ्टमध्ये अर्धे आत, अर्धे बाहेर असतात आणि तेल लागलेले शर्ट मला धुवायला आणून देतात. भिंगरीही मजेत. तुमच्या खुर्चीवर बाहुलीला बसवते आणि तिच्या मांडीवर विणकामाच्या सुया ठेवते. 

जाताना तुम्ही म्हणालात, "चार दिवस लेकीकडे जाऊन येते." चार दिवसांसाठी कुणी लोकरीची पेटी आणि स्वतःची उशी नेत नाही, आई. तुम्ही का गेलात ते मला ठाऊक आहे. त्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर मुलीजवळ कोण असतं?" तुम्ही ताठ बसून म्हणालात, "मी." तर ते म्हणाले, "मग जरा बोलत जा तिच्याशी. घरात बोलणं कमी पडलं की मुलं मागे राहतात." फोनवरचं एक अक्षर तुम्हाला कळत नाही, पण हे वाक्य नेमकं कळलं!

आणि तुम्ही बोलत नाही? तुम्ही? शिट्टी न देणाऱ्या कुकरला तुम्ही जाब विचारता. खिडकीतल्या कबुतरांना घरच्यांची चौकशी करता. भिंगरीला सकाळी उठवल्यापासून मोज्यांची गोष्ट, साबणाची गोष्ट, हरवलेल्या बटणाची गोष्ट. मी त्या डॉक्टरांना हेच सांगायला तोंड उघडलं होतं, तोवर तुम्ही जिन्याशी पोचला होतात.

तर मी ठरवलंय. दुसरीकडे दाखवायचं. पोरगी साडेचार वर्षांची झाली आणि स्वतःला एकदा "बिंगी" म्हणते, एकदा "गिंबी", एकदा नुसतंच "ई". शेजारचे काका म्हणतात जीभ चिकटलीय, तिला चीर द्या. त्यांच्या मुलीचं मत, टीव्ही बंद करा. तुमचे चिरंजीव म्हणतात, मीही उशिरा बोललो. मी म्हटलं, "आणि अजून कुठे बोलता!" आमच्या दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंच्या भाच्याला एका दवाखान्यात गुण आला होता, त्यांनी पत्ता दिलाय. आधी कान तपासणार, मग बोलणं.

तुमच्या खोलीतली खिडकी रोज उघडते मी. काळजी नसावी.

तुमची सून


२ मार्च

आई,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही, पण मोजे आले. भिंगरीला गुडघ्यापर्यंत येतात. ती ते घालून फरशीवर घसरत असते.

कानांची तपासणी झाली. एक छोटी खोली असते, आत गेलं की बाहेरचा आवाज बंद. भिंगरीच्या कानांवर मोठे हेडफोन, समोर लाल बादली, हातात लाकडी ठोकळा. आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. मी काचेबाहेर उभी होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तिचे ठोकळे मात्र पडत होते. टप. टप. मध्येच थांबायची, श्वास रोखायची, डोळे बारीक करायची आणि पुन्हा टप. तपासणाऱ्या ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "हिचे कान इतके छान आहेत की तुम्ही घरात जपून बोला."

मग तुमच्या चिरंजिवांनीही हौसेने हेडफोन लावून घेतले. त्या ताई म्हणाल्या, "घरात आणखी कुणाची तपासणी करायची आहे का?" मी तुमचं नाव घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण हळू.

म्हणजे कान ठीक. आता बोलण्याच्या बाईंची वेळ पुढच्या आठवड्यात.

बाकी सगळं ठीक.

तुमची सून

ता. क. बाकी सगळं ठीक असं वर लिहिलं आणि पाकीट बंद करणार होते. तसं नाहीये. बालवाडीत एका मुलाने तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळे हसले. मुलं आहेत, हसणारच. पण तेव्हापासून ती तिथे बोलतच नाही. पाणी हवं असेल तर बाईंची बाही ओढते. आणि परवापासून घरीही तसंच करायला लागलीय. "बिंगी" नाही, "गिंबी" नाही, नुसतं बोट दाखवते. जे चुकीचं वाटायचं तेही आता ऐकू येत नाही, तर घर कसं लागतंय तुम्हाला काय सांगू. ताईंना हे सांगू नका.


११ मार्च

आई,

नमस्कार. आज कारण सापडलं. ते तुम्हाला आधी सांगते, मग घरी सांगेन. तुमच्या चिरंजिवांना अजून माहीत नाही, ते कुणाच्या तरी सातव्या मजल्यावर आहेत.

या बाई तरुण आहेत. माझ्याशी बोलायच्या आधी जमिनीवर बसल्या आणि गाडीगाडी खेळायला लागल्या. गाडी टेबलाखाली, गाडी पुस्तकामागे, निळी गाडी आण, छोटी गाडी मोठीच्या आधी लाव. भिंगरीने सगळं बरोबर केलं, तोंड मात्र घट्ट मिटलेलं. मग बाईंनी स्वतःच एक शब्द मुद्दाम चुकीचा म्हटला आणि आपल्याच कपाळावर हात मारला. भिंगरी हसली. मग बाई म्हणाल्या, "मला बटाटा म्हणताच येत नाही. तू म्हणून बघ बरं." आणि आई, ती बोलली! आधी "पाताका." बाईंनी पुन्हा विचारलं, तर "टापाता." तिसऱ्यांदा नुसता जबडा हलला, ओठ बटाट्याचा ब शोधत राहिले आणि "आ" बाहेर आलं.

बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "तिला सगळं कळतं. शब्द डोक्यात तयार आहे. पण आधी ओठ हलायचे की जीभ, मग कोण, मग कोण, हा मेंदूचा निरोप वाटेत गोंधळतो. म्हणून तोच शब्द दर वेळी वेगळा येतो. याला वाचेचा अप्रॅक्सिया म्हणतात."

मी विचारलं, "जीभ कापायची?"

"अजिबात नाही."

"टीव्ही?"

"टीव्हीने हे होत नाही."

मग मी विचारलं, "घरात बोलणं कमी पडल्याने?"

त्या म्हणाल्या, "नाही. हे कुणाच्याच चुकीने होत नाही. उलट मला विचारायचं होतं, हिला इतके शब्द कळतात, इतक्या लांबलचक सूचना कळतात, घरात हिच्याशी एवढं कोण बोलतं?"

मी म्हटलं, "आजी." आणि मग आई, मी त्या बाईंसमोर रडले. भिंगरीने मला निळी गाडी दिली.

तर हे असं आहे. बरं व्हायला वेळ लागेल, वर्ष, कदाचित जास्त. पण होतं. औषध नाही, सराव आहे. सोपे आवाज आधी, मग जोडून, मग शब्द. पुन्हा पुन्हा, थोडा थोडा. बाई कसलीही खात्री देत नाहीत, पण हसून सांगतात, त्यामुळे मला बरं वाटलं.

आता त्या डॉक्टरांचं वाक्य तिथेच कुठेतरी टाकून द्या.

तुमची सून


२९ मार्च

आई,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत: "बटाटा कठीण शब्द आहे. सोपा विचारायचा." मी ते बाईंना दाखवलं. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं, त्यांना माझ्या जागी बसवा." कार्ड आता त्यांच्या भिंतीवर आहे.

एक विचारायचं होतं. दुधाच्या छोट्या पातेल्याचं झाकण कुठे आहे? सगळी कपाटं बघितली.

सराव चालू आहे. "मा, मी, मू." "पा, पी, पू." आरशासमोर बसायचं, चित्रं लावायची. चांगलं चाललंय.

चांगलं चाललेलं नाही. झाकण माझ्या समोर आहे, उगाच विचारलं.

मी लॅबमधून दमून येते, दिवसभर कवळ्या घासून बोटं पांढरी झालेली असतात, आणि तिच्यासमोर बसते तेव्हा माझा चेहरा परीक्षा घेणाऱ्यासारखा होतो. मला दिसतो तो, आरशात. तिचा आवाज चुकला की माझी भुवई हलते. ती माझी भुवई बघते आणि तोंड मिटते. तुमचे चिरंजीव बसतात तेव्हा उलटंच, ते "पू"वर इतके विनोद करतात की दोघं लोळत असतात आणि सराव बाजूला राहतो. काल तिने सगळी चित्रं सोफ्याखाली सरकवली आणि वर बाहुली ठेवून दिली, राखणीला.

बाई म्हणतात, दिवसातून बरेचदा आणि थोडा थोडा सराव हवा, खेळता खेळता, दिवसा घरी असणाऱ्या माणसाबरोबर. आणि त्या माणसाला घाई नसावी. मी म्हटलं, "असं एक माणूस आहे आमच्याकडे. म्हणजे होतं."

आई, परत या. मला सरावासाठी हव्या आहात असं समजा. किंवा काहीही समजा. तुम्ही नसताना घरात कुकरसुद्धा नीट शिट्टी देत नाही.

तुमची सून


१८ सप्टेंबर

आई,

नमस्कार. घरी आपण रोज भेटतो आणि मला हे बोलता येत नाही, म्हणून लॅबने पाठवलेल्या या परगावातून लिहिते. प्रशिक्षण चांगलं चाललंय. नवीन यंत्रात दाताचं माप टाकलं की ते आपोआप दात कोरून देतं. आमच्या वर्गातले सगळे त्याच्याकडे तोंड वासून बघतात, आणि यंत्राला तेच हवं असावं.

तुम्ही माझ्या त्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाहीत. सरळ दारात येऊन उभ्या राहिलात, उशी काखेत. "झाकण सापडलं का?" एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. भिंगरी तुमच्या पायांना अशी चिकटली की तुम्हाला चपला काढता येईनात.

त्यानंतरचं मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत आलेय, तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही सराव करत नव्हतात. तुम्ही विणत होतात आणि ती लोकरीचे गुंडे देत होती. "कोणता देऊ?" असं ती डोळ्यांनी विचारायची. तुम्ही म्हणायचात, "मला कुठे दिसतंय? नाव सांग." ती म्हणायची, "पि." तुम्ही म्हणायचात, "काय?" ती जवळ यायची, तुमच्या तोंडासमोर तोंड आणायची आणि पुन्हा, "पिव... पिवा." "काय गं? नीट ऐकू नाही आलं." "पिवा!" "पिवळा. पि. व. ळा." तुम्ही ओठ मोठे करून सांगायचात. ती तुमचे ओठ बघायची, तुम्ही तिचे. कुणाची भुवई हलत नव्हती. तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तुमच्या "काय?"मध्ये राग नव्हता, आणि तिला पुन्हा सांगायची लाज नव्हती. मी आठवडाभर आरशासमोर बसून जे करवू शकले नाही, ते एका स्वेटरच्या बाहीत झालं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्या मुलांना असं 'काय, काय' चालत नाही, काही चिडतात. हिला आजीबरोबर चालतंय, तर चालू द्या." आणि मग म्हणाल्या, "पण आजींचे कान तपासा. नात इतकं बोलायला शिकणार आणि आजींना ते पोचणारच नाही, हे बरं नव्हे."

तुम्ही म्हणालात, "माझे कान उत्तम आहेत. लोकच पुटपुटतात." मी हरले. तुमच्या मुलानेही हात टेकले. शेवटी पुढच्या खेपेला दवाखान्यात काय झालं ते आठवतंय ना? भिंगरी तुमचं बोट धरून तुम्हाला थेट त्या छोट्या खोलीत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं, हेडफोन तुमच्या डोक्यावर चढवले आणि लाल बादली मांडीवर ठेवली. "आजी. टाक," म्हणाली. दोन शब्द, जोडून. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि मुकाट्याने ठोकळा हातात घेतलात. मी काचेबाहेर होते. बराच वेळ एकही ठोकळा पडला नाही. भिंगरी तुमच्याकडे बघत होती आणि तिला कळलं. तिने तुमच्या हातातला ठोकळा घेऊन बादलीत टाकला आणि टाळ्या वाजवल्या, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

तेव्हा मी बाहेर खूप हसले असं तुम्हाला वाटलं. हसले नव्हते.

कानाचं यंत्र मी निघाले त्या दिवशी मिळणार होतं. मिळालं का? लावता का? डब्यात ठेवून तर दिलं नाहीत? फोनवर विचारलं तर तुमचे चिरंजीव म्हणाले, "आई तुला स्वतः लिहिणार आहे, मला बोलायला मनाई आहे." घरात काय चाललंय?

तुमची सून


२५ सप्टेंबर

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. ओळी तिरक्या आल्या तर वाचून घे. जुन्या चष्म्याने लिहिते आहे. नवा का नाही, ते पुढे येईलच.

यंत्र मिळालं. लावते. पहिल्या दिवशी काढून फेकणार होते. आपला फ्रिज दिवसभर इतकं बोलतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. नळ बोलतो, जिना बोलतो, माझ्या स्वतःच्या चपला बोलतात. तुझा नवरा चहा पितो तेव्हा असा आवाज करतो की मी उठून दार उघडायला गेले. इतकी वर्षं तू हे ऐकत आलीस आणि नांदलीस, शाबास तुझी.

लोक पुटपुटत नव्हते. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

पहिल्या सकाळी भिंगरी उठून आली आणि तिने "आजी" म्हटलं. मी तिचे ओठ वाचून तिचा आवाज मनातच तयार केला होता, बारीक, चिमणीसारखा. तो तसा नाहीच. जाडसर आहे, जरा बसका, तिच्या बापाचा लहानपणी होता तसा. मी तिला म्हटलं, "परत म्हण." ती म्हणाली. मग मी उगाच कपाट आवरायला घेतलं.

तिच्या बाई खूश आहेत. म्हणतात, पुष्कळ बाकी आहे, लांब शब्दांत अजून अडखळते, पण आता आवाज स्वतः शोधते, थांबून पुन्हा करून बघते. बालवाडीत तिने पाणी मागितलं. बाही न ओढता. नक्कल करणाऱ्या त्या मुलाला तिने "ए, सरक" म्हटलं असं तिथल्या बाई सांगत होत्या. तो सरकला.

आता चष्म्याचं. काल दुपारी मी चष्मा काढून खुर्चीत ठेवला आणि पाणी प्यायला गेले. येऊन बघते तर चष्म्याच्या काड्या दोन दिशांना आणि भिंगरी खुर्चीपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी. मी विचारलं, "हे कुणी केलं?" तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग एकेक शब्द ठेवत ती म्हणाली, "मी नाई मोदला. बाबानी मोदला."

सूनबाई, तुझा नवरा सकाळपासून कामावर होता. चष्मा दुपारपर्यंत माझ्या नाकावर होता. आणि ही पोरगी माझ्या डोळ्यांत बघून अख्खं वाक्य बोलली. एक नाही, दोन. मला रागावायचं होतं. मी तिला उचलून घेतलं आणि म्हटलं, "असं का? येऊ दे त्याला."

संध्याकाळी तो आला. मी दारातच सगळं सांगितलं आणि डोळा मारला. त्याला काय, निमित्तच हवं असतं. बूटही न काढता म्हणाला, "हो आई, मीच मोडला. मी लिफ्टमधून उडी मारली, खिडकीतून आत आलो, चष्म्यावर बसलो आणि परत गेलो." हात हलवून, उडी मारून दाखवत होता. भिंगरी ऐकत होती. ती माझ्याकडे बघायची, मग त्याच्याकडे. तिची भुवई तुझ्यासारखी वर गेली. मग कमरेवर हात ठेवून ती पुढे आली आणि म्हणाली, "बाबा. खोतं नको बोलू."

तो जमिनीवर बसून हसायला लागला. मला तर यंत्र काढावं लागलं, इतका आवाज झाला.

खोटं बोलायचं नाही हे तिला सांगायला हवं, ते मला कळतं. पण ते तू आल्यावर सांग. माझ्याकडे आता रागवायला तोंड उरलेलं नाही.

तुझी,
सासू